गळलेल्या संत्र्यांचं लोणचं

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. सौंसरच्या महिला मंडळातल्या चौघी यमुनाच्या लोणच्यावर मत द्यायला बसल्या, आणि मत देण्यात या चौघींचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं.

यमुना हंगामात संत्री निवडायच्या कामाला जायची. वारं सुटलं की बगीच्यात हिरव्या फळांचा सडा पडे आणि मालक तो खड्ड्यात लोटून देत. तिनं त्याच गळलेल्या फळांचं लोणचं घातलं. पुढच्या महिन्यात एका गुरुवारी छिंदवाड्याहून उद्योग खात्याचे साहेब येणार होते. त्यांना पटलं तर सरकारी शेड, बरण्या आणि वस्तीतल्या दहा बायांना बारमाही काम. अर्ज मात्र मंडळातर्फेच जायचा, आणि मंडळाच्या अध्यक्ष होत्या विजयाबाई मास्तरीण.

"आपलंच खरं नको करू, यमुना," बाई म्हणाल्या. "चार जणींचं मत घे."

यमुनाला ते रास्त वाटलं. तिनं चार बाटल्या भरल्या, तोंडाला फडकी बांधली आणि चार घरी पोचवल्या. मतं दुसऱ्याच दिवशी आली. विजयाबाईंना गूळ पाहिजे होता, रजनीबाईंना तिखट कमी, सुधाबाईंना मेथी. चौथीला तर बडीशेप आठवली. यमुनानं सगळं ऐकलं आणि सगळं घातलं.

सासरे भिवाजी भाकरीसंगं एक फोड खाऊन पाहायला बसले, ते उठून अंगणात थुंकूनच आले.

"हे लोणचं होय का औषध? पयलं चांगलं होतं. कडू होतं, पण चांगलं. आतली पांढरी साल खरडून काढ, बस."

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या बाटल्या आणायला गेली. रजनीबाईंनी बाटली मागच्या दारी, मोरीपाशी ठेवली होती. ती रिकामी नव्हती. तेल गळ्यापर्यंत तसंच, आणि फडक्यावर यमुनाचीच गाठ. सुधाबाईंकडे तेच, चौथीकडे तेच. विजयाबाईंकडेही तेच, शिवाय बाटलीखाली जुना पेपर. न खाताच गूळ कमी कळला यांना! बौद्ध वस्तीतल्या हातचं तोंडात घालायचं नाही, अन् जीभ मात्र हातभर लांब. या जिभांसाठी आपण आठवडाभर चुलीपुढे बसलो, याची तिला जास्त किळस आली. तिनं ते गुळमट लोणचं उकिरड्यावर ओतलं आणि आपलं पहिलंच पुन्हा घातलं, पांढरी साल तेवढी खरडून.

गुरुवारी मंडळाच्या खोलीत साहेबांनी दोन फोडी खाल्ल्या आणि बोटं चाटली.

"आम्हीच तिले सांगून सांगून बनवून घेतलं," विजयाबाई म्हणाल्या. "बरणीवर नाव माझं टाकू, साहेब. तिच्या नावानं कोण घेईन? बाजार पाहावा लागते."

साहेबांनी मान डोलावली. यमुनानं बशी बाईंपुढे धरली.

"बाई, नाव टाकाच्या आधी एक फोड खा."

"माझा गुरुवार आहे."

रजनीबाईंचा गुरुवार होता. सुधाबाईंचाही. चौथीनं नुसताच पदर तोंडाला लावला. साहेबांसाठी आणलेली चिवड्याची ताटली मात्र चौघींनी मिळून संपवली होती.

"मंग नाव माझंच राहू द्या," यमुना म्हणाली. "माझं नाव चालत नसन, तर लोणचंही नाही."

"पण मंजुरी मंडळालाच भेटते, बाई," साहेब तिसरी फोड चघळत म्हणाले.

हे तिला ठाऊक होतं. तिनं बरणी उचलली.

बाहेर वस्तीतल्या त्या दहा जणी उन्हात उभ्या होत्या. खिडकी उघडी होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "नाही झालं," यमुना म्हणाली. तिच्यानं वर बघवलं नाही. त्यांतल्या पुष्पानं बरणीत हात घातला, मग बाकीच्यांनीही.

फोड चावून झाल्यावर पुष्पा म्हणाली, "यमुने, मीठ थोडं कमी पडून राहिलं."

यमुनानं एक फोड तोंडात टाकली. खरंच कमी होतं.