पाकोळी का उधळली?

मी एक जुने खोगीर आहे. मित्रांनो, एवढे ऐकूनच तुमच्यापैकी काहींना हसू आले असेल, कारण आपल्या भाषेत निरुपयोगी माणसांच्या गर्दीला ‘खोगीरभरती’ म्हणतात. वास्तविक माझ्या पोटात लोकर भरतात ती घोड्याची पाठ सोलवटू नये आणि स्वाराचे माकडहाड शाबूत राहावे म्हणून. ज्या भरतीमुळे दोन जीव एकमेकांना सहन करू शकतात, तिचीच ज्या समाजाने शिवी केली, त्याच्याकडून मी फारशी अपेक्षा ठेवलेली नाही. तरीही माझी हकीकत सांगते. तुम्ही लहान आहात. तुम्हांला अजून समजण्याची शक्यता आहे.

माझा जन्म कानपूरच्या एका कारखान्यात झाला. मेण लावलेल्या दोऱ्याने मला शिवले, तेल पाजले आणि माथेरानला धाडले. तिथे कित्येक वर्षे मी पर्यटक वाहिले. काही वजनदार होते, काही भेकड होते, बहुतेक दोन्ही होते. त्या वर्षांत मी एक विद्या शिकले. वर बसलेल्याची भीती आणि खाली चालणाऱ्याचा श्वास, दोन्ही मला एकाच वेळी कळतात. विद्वानांना एकच बाजू वाचून मत देता येते. मला ती सोय नाही.

माथेरानलाही फाल्गुन येत असे. दिवस मोठा होई, घोड्यांचे हिवाळी केस झडत, वारा अंगाला गुदगुल्या करी. पण तिथल्या तट्टांना सकाळपासून सूर्यास्तापर्यंत लाल मातीतून खेपा असत. वसंत येई, पण त्याच्यासाठी फुरसत कोणाला नसे. तो अन्यायच होता, हे मी नाकारत नाही. पुढे मला उलट्या जातीचा अन्याय पाहायचा होता, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

शीळफाट्याजवळच्या एका गावात दामाजी नावाचे गृहस्थ राहतात. घरात त्यांना आबा म्हणतात. त्यांच्या आजोबांनी भात लावला, वडिलांनी मिठागरात मीठ ओढले, आणि दामाजींनी जमीन बिल्डरला दिली. या तीन व्यवसायांपैकी तिसऱ्यात सर्वांत कमी घाम गाळावा लागतो. मुलाच्या, म्हणजे दर्शनच्या, लग्नासाठी त्यांनी पाकोळी नावाची पांढरी घोडी विकत घेतली. घोडीबरोबर मला फुकट दिले. माझ्या आयुष्यातला हा अपमान मी विसरलेले नाही. फक्त बोलून दाखवत नाही.

दर्शनच्या वरातीत पाकोळी खांबासारखी शांत होती. पुढे डीजे, मागे बँजो, डोक्यावर फटाके. तरी तिचा कान हलला नाही. आदल्या दलालाकडे ती हिवाळाभर रोज वराती वाहत आली होती, एवढे साधे कारण होते. दामाजींनी मात्र वेगळा अर्थ काढला.

“लक्ष्मी हाय ही! आता हिला कामाला लावायची नाय,” ते म्हणाले. त्यांच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो. “दामाजीची घोरी भाऱ्यानं फिरली तं लोक काय बोलतील?”

त्याच आठवड्यात दुसरा हुकूम निघाला. घरात आलेली नवी सून कल्पिता शहाडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासण्याचे काम करत असे.

“सूनबाय, ता काम सोड. घरान काय कमी हाय?”

अशा रीतीने एकाच छपराखाली दोन तरुण जीव सुखात बसवण्यात आले. घोडीला भिजवलेला हरभरा, गूळ, गाजर आणि लग्नात उरलेले बदाम. सुनेला डिंकाचे लाडू, तळलेली सुरमई आणि उरलेल्यांतले उरलेले बदाम. घोडीला बाहेर नेत नसत, कारण ऊन लागेल. सुनेला बाहेर पाठवत नसत, कारण लोक पाहतील. मी खुंटीवर लटकत होते. माझ्यावर धूळ बसली, त्या दोघींवर चरबी.

मग फाल्गुन आला.

पाकोळी पहाटे वाऱ्याचा वास घेऊन फुरफुरू लागली. वाळत घातलेल्या टॉवेलला ती घाबरे. टॉवेल काढला की तो कुठे गेला म्हणून घाबरे. ऋतू निरपराध आहे असे मी म्हणत नाही. पण आरोपी तो एकटाच नव्हता.

होळीच्या दिवशी दर्शनला रील काढायचे होते, म्हणून दामाजी गळ्यात सोन्याची साखळी घालून पाकोळीवर बसले. समोर माडाची झावळी पडली. पाकोळीने चारही पाय एकदम उचलले. क्षणभर आम्ही तिघे हवेत होतो. त्यानंतर मी घोडीबरोबर राहिले. आबा राहिले नाहीत. ते होळीसाठी रचलेल्या गोवऱ्यांत सापडले.

शेजारच्या सखुबाई कुंपणावरून म्हणाल्या, “फागुन लागला का घोऱ्या अशाच फिरतान. मानसा पन.”

“फिरूदे फिरल ती!” आबा गोवरी झटकत ओरडले. “पाडव्याला डोंबिवलीच्या यात्रेन सून बसल हिच्यावर. नीट चालली तं चालली. नाय तं दुसऱ्या दिशी दलालाला देऊन टाकीन!”

दलाल कुठे विकणार हे सर्वांना माहीत होते. चिडलेली घोडी वरातीला कोणी घेत नाही. तिला माती वाहायला वीटभट्टीवर धाडतात. कल्पिताच्या हातातला तांब्या तिथेच थांबला. नववर्षाच्या स्वागतयात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून मिरवायला तिने लग्नाआधी घोडबंदर रोडच्या एका क्लबात थोडे दिवस घोडेस्वारी शिकून घेतली होती. तेवढ्या शिकण्यावर आता एक जीव टांगला गेला.

यानंतर उपचार सुरू झाले. मित्रांनो, अज्ञान एकटे असते तेव्हा ते निरुपद्रवी असते. ते उपाय घेऊन आले की दार लावावे.

आवडाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मीठमिरच्या ओवाळून विस्तवात टाकल्या. धुराने पाकोळी शिंकली आणि तिने बादली लाथाडली. “बगा, कवरी नजर लागलेली!” त्या समाधानाने म्हणाल्या.

दर्शनने घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधून मितेश नावाचा सल्लागार आणला. प्राण्यांचे मन वाचण्याचा त्याचा कोर्स ऑनलाइन झाला होता.

“ब्रो, शी इज होल्डिंग पास्ट ट्रॉमा,” मितेश डोळे मिटून म्हणाला. “इसका एनर्जी फ्लो ब्लॉक आहे.”

“म्हणजे काय करायचं?”

“तबेल्यात निळा दिवा लाव. बासरी लाव. अँड नो एक्झर्शन.”

दिव्यामुळे पाकोळीची झोप गेली, बासरीमुळे दामाजींची. स्वतः दामाजींचे निदान सर्वांत ठाम होते. “अशक्तपना हाय. हरभरा वाढवा.”

प्रत्येक उपायानंतर कल्पिता विचारी, “आबा, मी तिला जरा शेताकडून फिरवून आणू?”

“परशील, सूनबाय. तू आराम कर. न् तिला पन करूदे.”

दुपारी सगळे झोपले की कल्पिता तबेल्यात येई. एकदा ती पाकोळीच्या मानेवर डोके टेकून म्हणाली, “काल मी ताट आपटलं गं. भाजीत मीठ कमी होतं म्हणून नाही. उगाच. आई काय बोलल्या माहितीये? सुनेला पण फाल्गुन लागला. आणि माझ्यावरून पण मिरच्या ओवाळल्या.” ती हसली. मग बराच वेळ हसली नाही. “मला एवढं कळतं, तू गेलीस ना, तर या घरात मी कोणाशी बोलू?”

तिच्या हाताला गुळाचा वास नव्हता. पाकोळीने तरी तो चाटला.

पाडव्याच्या सकाळी दर्शनने जरीचे, आरसे लावलेले नवे खोगीर आणले. मला पुन्हा खुंटी दाखवण्यात आली. पण नव्या खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा, पोटाला वेढा घालून पुरेना. चौघांनी ओढले. पाकोळीने पोट आणखी फुगवले.

“ऑनलाइन मागवलं की साइज छोटीच येते, यार,” दर्शन म्हणाला.

घोडी मोठी झाली असेल, हा विचार त्या अंगणात कोणालाच शिवला नाही. माझ्या तंगाला माथेरानला कोणीतरी जोडपट्टी लावलेली होती. मी पुरले.

दामाजी आणि आवडाबाई गाडीने पुढे गेले. पाकोळीला टेम्पोत चढवले. मितेश पुढे ड्रायव्हरजवळ बसला आणि मोबाइलवर बासरी लावली. कल्याण-शीळ रस्त्यावर येताच टेम्पो थांबला, आणि थांबूनच राहिला. काही वेळात पाकोळीने फळीवर लाथा मारायला सुरुवात केली.

“अरे तोडेल रे ती टेम्पो!” दर्शन ओरडला. “उतरवा तिला, उतरवा!”

शेजारी बॅरिकेडपलीकडे एक नवा, गुळगुळीत, पूर्ण झालेला रस्ता होता. तो उद्घाटनासाठी पाहुण्यांची तारीख मिळण्याची वाट पाहत रिकामा पडला होता. पाकोळीला तिथे उतरवले. शांत करावे म्हणून कल्पिता वर बसली. नथ सावरली, लगाम धरला. मांड्यांनी मला घट्ट आवळले. मला सगळे कळत होते.

आमच्यामागे एका ट्रकमध्ये ढोलपथक अडकले होते. कंटाळलेल्या पोरांपैकी एकाने ढोलावर टिपरू मारले, दुसऱ्याने उत्तर दिले, ताशा कडाडला.

पाकोळी उधळली.

“कल्पिता! लगाम खेच!” दर्शनचा आवाज मागे पडला. “ब्रीद, भाभी, ब्रीद!” मितेशचा त्याहून मागे.

कल्पिताने लगाम खेचला, किंचाळली, आईला हाक मारली. तिची भीती माझ्यातून खाली झिरपली, आणि ती झिरपली तशी पाकोळी आणखी भ्याली. सगळ्या जगातले अपघात असेच घडतात. मध्ये असलेल्याला दोन्ही बाजू ठाऊक असतात आणि त्याला कोणी विचारत नाही. एका बाजूला अडकलेल्या गाड्यांची रांग, खिडक्यांतून बाहेर आलेली डोकी, आणि दुसऱ्या बाजूला आम्ही, मोकळ्या रस्त्यावर. त्या रस्त्याचे उद्घाटन अखेर एका घोडीने केले.

काटई नाक्याच्या अलीकडे एक गोष्ट घडली. कल्पिताची मूठ सैल झाली. हात दमले असतील, किंवा तिच्या लक्षात आले असेल की पुढे कोणी नाही, मागे कोणी पोचत नाही, आणि ‘पडशील’ म्हणणारा आवाज ऐकू येत नाही. ती पुढे झुकली. वरून येणारी भीती थांबली. तिच्या तोंडातून निघाली ती आधी किंकाळी होती. मध्येच तिचे हसू झाले.

“पळ गं बाई!” ती ओरडली. “पळ, किती पळायचंय तेवढं पळ!”

पाकोळी पळाली. हरभरा पळाला, गूळ पळाला, बदाम पळाले. मग दुडकी, मग चाल. डोंबिवलीत शिरताना तिच्या अंगावर फेस होता आणि चेहऱ्यावर वैराग्य.

यात्रेत लेझीम होते, ध्वज होते, बुलेटवर नऊवारी नेसलेल्या बायका होत्या. पाकोळीच्या कानाशी झांज वाजली. तिने जांभई दिली. घोडी पाहायला येऊन चौकात उभ्या असलेल्या दलालाने तिची चाल पाहिली, दामाजींचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने निघून गेला.

मागाहून दर्शन आणि मितेश पोचले. रीतीप्रमाणे श्रेयाची वाटणी सुरू झाली.

“मिरच्यांचा गुन,” आवडाबाई म्हणाल्या.

“फ्लो ओपन झाला,” मितेश म्हणाला.

“हरभऱ्यानं ताकद आली न् डोका थंड झाला,” दामाजी म्हणाले, आणि सर्वांदेखत त्यांनी पाकोळीची पाठ थोपटली. “नाय विकायची हिला! लय दमली माझी लक्ष्मी. आता दिवालीपर्यंत काम नाय. हरभरा डबल करा!”

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर मी असभ्य बोलले असते. सुदैवाने बोलणारी दुसरी कोणी होती. कल्पिताचा फेटा सुटला होता, नथ हातात होती.

“नाही, आबा,” ती म्हणाली. “उद्यापासून रोज सकाळी मी तिला फिरवणार. आणि पुढच्या महिन्यापासून मी लॅबमध्ये जाणार.”



“का गो?” दामाजी खरोखरच दुखावले होते. “आमी काय कमी केला तुला?”

“काहीच कमी नाही केलंत, आबा. तोच तर आजार आहे.”

दामाजींनी आधारासाठी पत्नीकडे पाहिले. आवडाबाई मात्र घोडीच्या ओल्या अंगावरून हात फिरवत होत्या. “मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहायची मी,” त्या हळूच म्हणाल्या. “तवा हे गुडघे कुठं व्हते, म्हाईत पन नव्हता. जाऊद्या वो तिला.”

“बरा,” दामाजी म्हणाले. “पन हरभरा कमी करायचा नाय.”

आता कल्पिता रोज पहाटे आम्हांला खाडीकडे नेते आणि मग शहाडला कामाला जाते. दामाजी आमच्यामागून चालत येतात; घोडीवर लक्ष ठेवायला, असे सांगतात. त्यांची रक्तातली साखर उतरली आहे. त्याचे श्रेय त्यांनी निळ्या दिव्याला दिले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी घोडा नसेल. पण कुत्रा असेल, बैल असेल, बहीण असेल, आजोबा असतील. त्यांच्यापैकी कोणी उधळले तर पंचांग काढू नका, विस्तव पेटवू नका. ते आज सकाळपासून काय करत होते आणि त्यांना काय करू दिले नाही, एवढे विचारा. आणि फेरफटक्याहून परतलात की आधी त्या जिवाचा घाम पुसा, मग माझ्या चामड्यावर तेलाचा हात फिरवा. क्रम चुकवू नका. मी थांबू शकते.