अखंड तुऱ्याचा कोंबडा

देवीला अव्यंग कोंबडा लागतो, हे सासूबाईंनी मला सांगितलं तेव्हा मी सरोजला न्हाऊ घालत होते. तुरा अखंड हवा, नखं शाबूत हवीत, आणि बाजारातला चालत नाही. ज्या आळीत मूल बरं झालं त्याच आळीत वाढलेला हवा. आमच्या कोपरीची ही रीत. भाद्रपदात सरोज तापाने फणफणली होती. नऊ दिवस पोरीने नीट डोळा उघडला नाही, आणि त्याच दिवसांत सासूबाईंनी गावदेवीला कोंबडा बोलला होता. पोर उठली. आता पौषात नवस फेडायचा होता.

"ठमाबाईला सांगून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "तिचा कवड्या. तसा देखणा तुरा साऱ्या कोपरीत नाही."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

ठमाबाई मिठागरात कामाला जाते. तिची झोपडी आमच्या परसाच्या कडेला, त्यामुळे तिच्या कोंबड्या दिवसभर आमच्याच परसात. बाळंतपणापासून माझा सारा दिवस मागच्या ओटीवर जातो. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात सृष्टिज्ञानाचे धडे होते, पण कोंबड्यांविषयी मी जे काही शिकले ते मांडीवर पोर घेऊन, या ओटीवर.

ठमाबाईचे कोंबडे दोन. तांबडा अंगाने कवड्याच्या दीडपट. उकिरडा त्याचा, पहिली बांग त्याची. कवड्या जरा जवळ आला की हा अंगावर धावायचा. रोजच्या झुंजीत त्याच्या स्वतःच्या तुऱ्याची दोन टोकं फाटली होती. आमचे हे कोर्टातून आले की पगडी उतरवता उतरवता त्याच्याकडे बघून म्हणत, "याला म्हणतात मर्द." हा मर्द किडा सापडला की गुपचूप गिळायचा, आणि घार दिसली की सगळ्यांच्या आधी कुंपणात शिरायचा.

कवड्या कुणाशी झुंजत नसे. त्याला किडा मिळाला की तो चोचीत उचलायचा, खाली टाकायचा, पुन्हा उचलायचा, आणि हळू कुरकुरत कोंबड्यांना बोलवायचा. त्यांनी खाल्लं तरच त्याच्या जिवाला बरं. त्याची मान सदा तिरकी, एक डोळा आभाळात. खाडीवरून घार वळली की तो घशातून एक लांब किरकिर काढी, आणि पिल्लं करवंदीखाली नाहीशी होत. कोंबड्यांना दोघांतला फरक पक्का ठाऊक होता. तांबडा धावला की त्या ओरडत पळायच्या. कवड्याकडे मात्र आपल्या पायांनी जायच्या, तांबड्याची पाठ फिरली की, केळींच्या मागे. हे मी रोज बघत होते.

म्हणजे जो झुंजतो त्याचा तुरा फाटका, म्हणून तो सुटला. आणि जो राखण करतो त्याचा तुरा धड, म्हणून त्याच्या मानेवर सुरी. मला इतका राग आला की सरोजच्या डोळ्यांत साबण गेला तेही कळलं नाही.

मी ठमाबाईला विचारलं, कवड्याला खरंच देणार का. ती कोंडा कालवत होती.

"तीन सालां झाली, बाय. दर साली चांगल्या तुऱ्याचा कोंबरा देवीला जातंय. पयले एकेक कोंबरी आठ-आठ पिलां वाढवायची. आता दोन वाचली तरी नशीब. घार नेतंय, मुंगूस नेतंय."

"मग नाही का म्हणत नाहीस?"

"तुमच्या परसान ऱ्हातंय मी. नाय कशी बोलू?"

संध्याकाळी मी घरात विषय काढला. नारळ वाहू, साडी वाहू, म्हटलं.

"कोंबडा बोललेय मी," सासूबाई म्हणाल्या. "देवीशी घासाघीस करायची का?"

"मग तांबडा द्या."

"फाटक्या तुऱ्याचा? तुझ्या पोरीसाठी उष्टा नैवेद्य दाखवशील?"

हे पानावरून न उठता म्हणाले, "एका कोंबड्यासाठी एवढं व्याख्यान? तुझ्या कॉलेजात हेच शिकवत होते वाटतं." आणि हसले. मी वाढायचं थांबवलं. भात मागितला तेव्हा म्हटलं, "मर्दांनी आपल्या हाताने घ्यावा."

सोमवारी दुपारी सासूबाई देवळात गेल्या. मी फडताळातली कात्री घेऊन ठमाबाईकडे गेले. तिने कात्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही न विचारता कवड्याला काखेत दाबून धरलं.

"एकच टोक कापा, बाय. बेगीन."

रक्त आलं. कवड्या ओरडला नाही, नुसता डोळा फिरवत राहिला. मी हळद दाबून धरली. चीड तेवढीच होती, पण आता तिच्याखाली भीतीही होती.

मंगळवारी देवळात देवीच्या गुणाजी भगताने कोंबडा हातात घेतला, तुऱ्यावरून बोट फिरवलं आणि खाली सोडला. "ह्यो नाय चालायचा."

सासूबाईंनी हळद बघितली. "कोणी केलं?"

"मी."

त्या हळूच म्हणाल्या, "पोरीला काही झालं तर देवीपुढे कोण उभं राहील?"

"मीच."

बोलून गेले. पण घरी आल्यावर मी दर घटकेला सरोजच्या कपाळाला हात लावत होते. माझा हात उचलला की सासूबाईंचा. पाचव्या दिवशी अंग कोमट लागलं. आम्ही दोघी पाळण्याच्या दोन बाजूंना बसलो, एकमेकींकडे न बघता. दुसऱ्या दिवशी हिरडीतून पांढरा दात दिसला आणि अंग गार झालं.

नवव्या दिवशी सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या, सरोज त्यांच्या मांडीशी. मी केळींकडे बघत होते. तुऱ्याचं टोक गेलं, आता कोंबड्या कवड्याला विचारणार नाहीत, ही नवी काळजी मला लागली होती. त्याने किडा टाकला, कुरकुरला. बऱ्याच वेळाने एक करडी कोंबडी आली. एकच, पण आली.

तेवढ्यात त्याची मान तिरकी झाली आणि ती लांब किरकिर आली. पिल्लं करवंदीखाली, तांबडा कुंपणात. घारीची सावली ओटीवरून सरकली, आणि सासूबाईंनी वर बघायच्या आधीच सरोजवर पदर ओढला.

घार रिकामी गेली. सासूबाईंनी पदर सावरला, सूप पुन्हा हातात घेतलं.

"नवस राहिलाच आहे," त्या म्हणाल्या.

"राहू दे," मी म्हटलं. "कात्रीही आहे फडताळात."