मागचा सायरन

गाडीत कंपनीने बसवून दिलेला स्टिरिओ काही वाईट नव्हता. बातम्या कळायच्या, गाणी ऐकू यायची. पण चष्म्याच्या दुकानाच्या मालकांचे त्यावर समाधान होईना. शेजारच्या दुकानदाराच्या गाडीतला दणका ऐकल्यापासून त्यांच्या डोक्यात खूळच शिरले होते. शेवटी त्यांनी चारही दारांत नवे स्पीकर बसवून घेतले. सीटखाली अॅम्प्लिफायर आला, डिकीत भली मोठी पेटी आली, दारांच्या पत्र्याला आतून जाड अस्तरही लागले.

"आता काचा वर केल्या की बाहेरची कटकट संपली, साहेब!" फिटर कौतुकाने म्हणाला.

मालकांची बायको रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नर्स होती. तिने पहिल्याच आठवड्यात सांगून पाहिले. "अहो, तुमची गाडी फाटकातून आत आली की तळमजल्यावरच्या आजी दचकून उठतात. जरा हळू लावा ना."

"अगं, गाडी माझी, गाणी माझी. लोकांच्या पोटात का दुखतं?"

वाचकहो, हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणांनी विचारला असेल!

एका दुपारी मालक बाजाररस्त्याने दुकानाकडे निघाले होते. रस्ता अरुंद, गाडी मधोमध, वेग रमतगमत. आवाज इतका चढवलेला की आतला आरसा थरथरत होता आणि मागचे सगळे पुसट दिसत होते. रस्ता रुंद झाल्यावर एक रुग्णवाहिका अगदी खेटून पुढे गेली. तिचा चालक खिडकीतून हात नाचवून काहीतरी ओरडत होता. 'काय एकेक माणसं असतात!' असे म्हणत मालकांनी पुढचे गाणे लावले.

संध्याकाळी बायको घरी आली. खांद्यावरची पर्सही न काढता ती दारातच उभी राहिली.

"आज दुपारी बाजाररस्त्यानं गेला होतात?"

"हो. का गं?"

"आमच्याकडे एक बाई आणली होती. दम्याचा झटका. नवरा तिचा हात धरून बसला होता. रुग्णालयाच्या दारातच श्वास थांबला तिचा. आम्ही खूप झटलो, पण नाही हाती लागली." तिने पर्स खांद्यावरून उतरवली. "रुग्णवाहिकेचा चालक रडत होता. म्हणाला, पुढे एक निळी गाडी होती. मागच्या काचेवर उडता घोडा चिकटवलेला. सायरन वाजवून वाजवून थकलो, पण हलेचना."

तो घोडा भाचीने हौसेने चिकटवला होता. मालकांनी खिशातली गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"वेळेवर पोचली असती तर... वाचली असती?"

"माहीत नाही. डॉक्टरही सांगू शकत नाहीत. कदाचित. हे 'कदाचित' आता तिच्या नवऱ्याला झोपू द्यायचं नाही. आपल्यालाही नाही."

"मला ऐकूच आलं नाही गं!"

"तेच तर! ऐकू येऊ नये याची सोय आपण हौसेनं करून घेतली. अहो, रस्त्यावर माणसाजवळ दुसरं असतं काय? बाजूला व्हा, थांबा, वाचवा, हे तो आवाजानंच सांगणार. तो ऐकला तर आपण कुणावर उपकार करत नाही. रस्ता वापरतो ना, मग ते आपलं कामच आहे!"

दुसऱ्या दिवशी मालक रुग्णालयाच्या आवारात त्या चालकाला भेटले आणि 'ती गाडी माझी' म्हणाले. चालकाने रुग्णवाहिकेचे दार धाडकन लावले.

"मला सांगून काय होणार? सांगायचं तर तिच्या नवऱ्याला सांगा."

पत्ता विचारून मालक त्या बाईच्या घरी गेले. दार तिच्या नवऱ्यानेच उघडले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. उंबऱ्याबाहेर उभे राहून मालकांनी काहीही न लपवता सगळे सांगितले. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले. शिवी दिली नाही, हात उगारला नाही. फक्त दार लावून घेतले. क्षमा मिळाली नाही. मागायला तोंडही नव्हते!

अॅम्प्लिफायर, पेटी, स्पीकर सगळे त्याच आठवड्यात निघाले. पण गेलेली बाई काही परत आली नाही.

म्हणून सांगावेसे वाटते, गाणी जरूर ऐका. पण रस्त्यावर आपण एकटे नसतो. आपल्या मागे कुणीतरी असते, आणि पुढे पोचण्याची त्याची निकड आपल्या करमणुकीपेक्षा फार मोठी असू शकते. त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोचेल एवढी जागा तरी ठेवू या!