डाव्या तळहातावर

रत्नम्मा चाकूरहून नांदेडला आल्या त्या काही हौसेनं नव्हे. एकुलत्या एका मुलानं, रविकिरणनं, कितीतरी वर्षं तगादा लावला होता. अव्वा, एकदा ये, तुला शहर दाखवतो. दर वेळी रत्नम्मा किराणा दुकानाचं निमित्त पुढे करत. खरं कारण दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही ते तोंडातून काढत नव्हते. महादेवप्पा करोनात याच शहरात गेले. चाकूरहून गाडीत घालून नेलेला नवरा परत आला नाही, आणि रस्ते बंद म्हणून बायकोला मातीलाही जाता आलं नाही.

तेव्हा रवीनं फोनवर जे सांगितलं तेवढंच त्यांच्याजवळ होतं. अप्पाला रीतीप्रमाणे बसवूनच पुरलं, स्वामींनी मंत्र म्हटले, कपाळाला भस्म लावलं, गळ्यातलं लिंग हातात ठेवलं. लिंगायत माणसाला आणखी काय पाहिजे? लहानपणी गळ्यात बांधलेलं इष्टलिंग मेल्यावर डाव्या तळहातावर ठेवून त्याच्याबरोबर पुरतात, ते घरात मागे ठेवत नाहीत. रोज सकाळी आंघोळ उरकून रत्नम्मा आपलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसत, तेव्हा त्यांना वाटे, तिकडे मालकांच्या हातातही असंच आहे. या एका गोष्टीच्या आधारावर त्या बाईनं इतके दिवस काढले होते.

रवीनं दिवस कसा भरगच्च आखला होता. सकाळी संग्रहालय, मग बाहेर जेवण, चारला नाटक. बायको माहेरी गेलेली, म्हणजे आई आणि मुलगा दोघंच. पण निवांत बसून बोलायला फुरसत म्हणून राहू नये, असा सगळा बेत. रत्नम्मांच्या ते लक्षात आलं नाही. आलं असतं तरी लेकाची हौस म्हणून त्यांनी कौतुकच केलं असतं.

संग्रहालय एका व्यापाऱ्याच्या जुन्या माडीत होतं. निजामाच्या काळची नाणी, पानदानं, अडकित्ते, पितळी वजनं. आपल्या दुकानात होता तसला तराजू काचेत ठेवलेला बघून रत्नम्मांना हसू आवरेना. हे बघायला तिकीट काढलंस होय, चाकूरला फुकट दाखवलं असतं, असं म्हणून त्यांनी लेकाची बरीच खेचली. रवीही हसला. आल्यापासून पहिल्यांदाच तो मोकळा हसला असेल.

पुढच्या कपाटाशी मात्र तो थांबला नाही. पुढं चल अव्वा, तिकडं तलवारी आहेत, असं म्हणत त्यानं त्यांच्या कोपराला धरलं. पण रत्नम्मांनी पाहिलं ते पाहिलंच. काचेत चांदीची गोल डबी होती, झाकण उघडं, दोरा बाजूला नीट गुंडाळून ठेवलेला, आणि आत काळं लिंग.

त्यांनी तिथल्या राखणदाराला विचारलं, हे कुणाचं? तो म्हणाला, कुणी एक आजोबा वारले, घरच्यांनी आणून दिलं, चांदी जुनी आहे.

"घरच्यांनी दिलं? मग म्हाताऱ्याच्या हातात काय दिलं?" रत्नम्मा म्हणाल्या.

राखणदाराला या प्रश्नाचा अर्थच कळला नाही. रत्नम्मा बाकावर जाऊन बसल्या. असली कसली लेकरं, बापाच्या गळ्यातलं काढून कपाटात मांडतात, असं त्या पुटपुटत राहिल्या. मग शेजारी बसलेल्या रवीच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. आपलं पोर तसं नाही, या विचारानं त्यांना भरून आलं होतं. तीच गोष्ट त्याच्या तोंडून पुन्हा ऐकावी, एवढ्याचसाठी त्यांनी विचारलं, "कोणत्या हातात ठेवलंस रे अप्पाच्या?"

"उजव्या," रवी म्हणाला.

न अडखळता म्हणाला. रत्नम्मांचा हात त्याच्या पाठीवर होता तिथंच राहिला.

जेवताना त्या स्वतःशीच रवीची वकिली करत होत्या. कॉलेजात असतानाच त्यानं गळ्यातलं काढून ठेवलं, पूजा सोडली, त्याला डावं-उजवं कुठून आठवणार? पोर एकटं होतं, घाबरलेलं होतं. गडबडीत चुकून दिलं असेल उजव्या हातात. पण सोबतचे स्वामी, ज्यांनी मंत्र म्हटले असं तो सांगत होता, ते कसे चुकले? या प्रश्नापाशी त्यांची वकिली थांबे. रवी आग्रहानं वाढायला सांगत होता आणि त्या नको नको म्हणत होत्या.

नाटक विनोदी होतं. नायक दर दहा मिनिटांनी आईला फोनवर एक थाप मारत होता आणि नाट्यगृह खदखदून हसत होतं. रत्नम्मा नाटक बघतच नव्हत्या, त्या लेकाकडे बघत होत्या. एवढ्या हसणाऱ्या माणसांत तो एकटा मान खाली घालून बसला होता.

मध्यंतरात रवीनं चहा आणला. त्यांनी कप घेतला नाही.

"रवी, तू अप्पाला हात तरी लावलास का?"

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "न्हाई अव्वा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याला फाटकाच्या आत सोडलं नव्हतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं शरीर अंगभर झाकलेल्या माणसांनी खड्ड्यात आडवंच उतरवलं. भस्म नाही, स्वामी नाही. लिंग दवाखान्यानं चष्म्याबरोबर एका पिशवीत घालून त्याच्या हाती दिलं होतं, ते अजून त्याच्या कपाटात होतं. "तवापासून आज सांगतो, उद्या सांगतो, हेच करून राहिलो," तो म्हणाला.

रत्नम्मांना राग आला, आणि रडणाऱ्या पोरावर राग आला याची लाजही वाटली. मालकांना आडवं निजवलं हे दुःख त्यांनी गिळलं असतं. त्या दिवसांत किती जणांचं तसंच झालं. पण रोज सकाळी पूजेला बसून आपण ज्याच्यावर जीव शांत केला ते मुळात नव्हतंच. तिकडे त्यांचा हात रिकामा होता. आता उद्या सकाळी कोणत्या तोंडानं बसायचं?

घंटा झाली. माणसं आत जाऊ लागली. रवीनं डोळे पुसले आणि घरी जायचं का, असं विचारलं.

रत्नम्मांनी आपला डावा हात त्याच्यापुढे उघडा धरला.

"हा डावा. मी गेल्यावर दोन्ही ह्याच्यात ठेव. आधी तुझ्या अप्पाचं, मग माझं. अन् ह्या बारीला ज्याला खोटं सांगावं असं मागं कोण राहणार न्हाई."

रवीनं नुसती मान हलवली. तेवढ्यानं त्यांनी हात मागे घेतला नाही. तो तोंडानं ‘हाव, ठेवतो’ म्हणेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.