भुऱ्यासाठी लिपलेली खोली

आमचा बुढा एका कुत्र्यापायी येडा झाला होता, हे मी त्याच्या तोंडावर सांगाची. बुढा म्हनजे माहा घरवाला, देवाजी. कुत्रं म्हनजे भुऱ्या. तो बुढ्याचाही नव्हता, कमळाचा होता, आमच्या एकुलत्या एका लेकीचा. पिल्लू होता तवा तिनं त्याले बोटानं दूध चाटवून वाढवलं. पहिली निवडनूक झाली त्याच्या दुसऱ्या साली तिचं लगन झालं, मूल गावाकडे दिली. छकड्यात बसतानी पोरीनं बापाचा हात धरला. म्हने, "बाबा, भुऱ्याले सांभाळजा. संकरातीले येईन तवा तो मले दिसला पाहिजे." बुढ्यानं मान डोलावली.

भुऱ्या म्हातारा झाला होता. धान कापून झाले आन् अशी थंडी पडली का बापा, सकाळी धानाच्या बांदीत पाय ठेववेना. भुऱ्या ओसरीत कुडकुडे, खोकले. त्यात गावात बिबट शिरला. शेजारच्या इसरूचं कुत्रं त्यानं ओसरीतून उचललं, साखळी तेवढी ठेवली. इसरूच्या बायकोनं ती साखळी बुढ्याले दाखवली, झालं! बुढ्याचा जेवनावरचा जीव उडाला.

आमच्या घराचं दार म्हनजे बांबूची ताटी. बिबट्यानं पंजा मारला का गेली. लाकडाचं दार फक्त मोहफुलाच्या खोलीले. मोहफुलं इकून झाली होती, खोली रिकामी. बुढ्यानं शेन-माती कालवली आन् बांबूच्या कुडाच्या भिंतीची येक येक फट लिपली. दाराखाली गोनपाट कोंबलं. मी म्हनलं, "अजी, लेकीच्या बाळंतपनाले तरी येवढी खोली लिपसान का?" तं म्हने, "तू गप बस. वारा शिरला तं त्याचा खोकला वाढते."

माहा भाऊ लटारू घुग्घुसच्या खदानीत कामाले. त्यानं पोतंभर दगडी कोळसा आनून देल्ला. आमी जल्मभर लाकडं जाळनारे लोकं. धूर झाला का डोळे चुरचुरते, मानूस उठून बाहेर जाते, आमाले येवढंच ठाऊक. लटारू म्हने, "आंदी अंगनात पेटवा, धूर जाऊ द्या, मंग आत न्या." बुढ्यानं तसंच केलं. धूर पुरा गेला, मातीच्या गोरशीत नुसते लाल निखारे राह्यले, तवा दिवेलागनीले त्यानं गोरशी खोलीत नेऊन ठेवली. भुऱ्याले धानाच्या तनसावर निजवलं, कमळाचं जुनं लुगडं पांघरलं, आन् बाहेरून कडी घातली.

आमी जेवाले बसलो. तं खोलीतून खरर खरर आवाज. भुऱ्या दारापाशी खरवडून राह्यला होता. मी म्हनलं, पाहून या. बुढा जागचा हालला नाई, बसल्या बसल्या वरडला, "गप पड भुऱ्या! बाहेर बिबट आहे लेका!" भुऱ्या आनखी खरवडे. बुढा आनखी वरडला. मंग आवाज थांबला. बुढ्याचं तोंड कसं उजळलं! म्हने, "पाह्यलं? ऊब लागली, निजलं लेकरू." आन् त्यानं आनखी भात मांगतला. कितीक दिसानं मांगतला होता. मीबी खुशीनं वाढला.

सकाळी कडी काढली, तं भुऱ्या गोनपाटाले नाक लावून पडला होता. अंगावर कुठी दात नाई, नख नाई. हात लावला तं लाकूड. दाराच्या बाजूची नवी माती पार खरवडली होती, आतला बांबू दिसून राह्यला होता. बुढा त्याले मांडीवर घेऊन हालवत बसला. म्हने, "उठ ना बे." मले ते पाहवलं नाई, मी अंगनात जाऊन रडली.

मंग लटारू आला. त्यानं कपाळावर हात मारून घेतला, बुढ्याले म्हने, "भाटवे, बंद खोलीत दगडी कोळसा ठेवते का कोनी? खदानीतल्या घरात मानसं मेली अशानं. धूर दिसत नाई, पन जहर असते."

मी त्याच्या अंगावर धावली. "मंग हे तवा काऊन नाई बोललास रे मेल्या?"

"बाई, मले काय ठाऊक तुमी फटी लिपसान? तुमच्या कुडातून तं चांदनं आत येते."

खरंच येत होतं. बुढ्यानंच बंद केलं. आता कोनाले शिव्या द्याच्या, सांगा?

संकरातीले कमळा आली. काखेत लहानशी वाकळ, भुऱ्यासाठी सोता शिवलेली. अंगनातूनच हाका, "भुऱ्या, ए भुऱ्या!" बुढा ओसरीतून म्हने, "बिबट्यानं नेला, माय." मी चुलीकडे तोंड फिरवलं. पोरगी रडली, बिबट्याले मनसोक्त शिव्या घातल्या. मंग वाकळ ठेवाले मोहफुलाच्या खोलीत गेली. लय वेळ बाहेर आली नाई. आली तवा डोळे कोरडे होते.

"बाबा, बिबट आतून खरवडते का जी?"

बुढा भिंतीकडे पाहून म्हने, "मी त्याले गप पड म्हनलं, माय. जल्मभर माहं आयकलं त्यानं. तवाबी आयकलं."

कमळा त्याच्याशी बोलली नाई. वाकळ घेऊन सकाळीच सासरी गेली, अजून आली नाई.

तवापासून बुढा ओसरीत निजते. ना गोरशी, ना पांघरून. मी भांडते, हात धरून वढते, पाया पडते. म्हनते, अजी, बिबट फिरून राह्यला, आत चाला.

तं म्हने, "येऊ दे."