सहा मिलिमीटर डावीकडे

क्षितिजाने मागच्या डाव्या मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडला. शिसे टायरला टेकून तिरपे राहिले. उजवीकडे मात्र दोरा आणि टायर यांच्यामध्ये बोट सहज शिरत होते. उद्याच्या शर्यतीतल्या मूळ वर्गाचा नियम साधा होता: टायर मडगार्डच्या आत हवा आणि मडगार्ड कारखान्यातून निघाले तसेच हवे. पाच वाजता कामणच्या एका गोदामाच्या आवारात तपासणी होती. तिथे अडली, तर तिची जुनी कॉन्टेसा फेरफार केलेल्या गाड्यांत ढकलली जाणार आणि दोन वर्षांची मेहनत उद्या पहिल्याच फेरीत संपणार होती.

पाचूबंदरच्या प्लासिडचे आयुष्य बोटींना इंजिने बसवण्यात गेले होते. तुटलेल्या ॲक्सलच्या जागी दुसऱ्या गाडीचा ॲक्सल त्यानेच बसवला होता. रुंदी मूळची असली की नियमाला ते चालत होते, आणि रुंदी दोघांनी तीनदा मोजली होती. आता त्याने हातोडा उचलला. कड आतून जराशी बाहेर ठोकली की झाले, असे त्याचे म्हणणे.

"सहा मिलिमीटर कोन बघतं, बाय?"

"मी बघितलं ना, अंकल."

ती टेप घेऊन गाडीखाली सरकली. ॲक्सल ज्या दोन बैठकांनी स्प्रिंगच्या पाट्यांवर बसतो, तिथपासून चाकापर्यंतचे अंतर उजवीकडच्यापेक्षा डावीकडे बारा मिलिमीटर जास्त भरले. बैठका जोडताना माप कुठून धरले होते, असे तिने विचारले. डिफरन्शियलच्या गोळ्यापासून, तो म्हणाला. मध्य तोच नाही का? बोटीत शाफ्ट मध्यावरच असतो. या ॲक्सलचा गोळा मात्र मुळातच सहा मिलिमीटर उजवीकडे होता, म्हणून अख्खा ॲक्सल तेवढाच डावीकडे सरकून बसला होता.

प्लासिडने स्वतः टेप लावून पाहिला. साडेदहा वाजले होते. मग त्याने हातोडा फळीवर ठेवला आणि ग्राइंडरची वायर सोडवायला घेतली.

"माप तू घे. रेघ मार. मी तिथंच जोडतो."

दोन्ही बैठका कापल्या, घासल्या. क्षितिजाने चाकांच्या बाजूंनी मोजून खडूच्या रेघा ओढल्या, पुसल्या, पुन्हा ओढल्या. जेवणाचा डबा तसाच राहिला.

कामणला तपासनिसाने दोन्हीकडे आपला ओळंबा सोडला. शिसे दोन्हीकडे मोकळे झुलले. मग तो वाकून खाली डोकावला. जोड नवा दिसतो, असे म्हणाला.

"आजचाच हाय," प्लासिड म्हणाला. "आदी मी चुकलो होतो."

तपासनिसाने जोडावर टॉर्च फिरवला, टेप लावून रुंदी पुन्हा मोजली आणि फॉर्मवर मूळ वर्गापुढे खूण केली.