मायलीस जिथं गेली नाही

मेलेल्या बाईशी भांडता येत नाही, हीच माझी पंचाईत आहे. तुर्केलशी लग्न होऊन मला चार वर्षं झाली, पण घरातले पडदे अजून त्याच्या पहिल्या बायकोचे, मायलीसचे. होडीवर नाव तिचं. शेजारीण माझ्या हातचा केक खाते आणि म्हणते, "मायलीस यात वेलची जरा सढळ हातानं घालायची." मी हसते, आणि आतून जळते.

म्हणून माझ्या साठाव्या वाढदिवसाला मी हट्टच धरला, की ती बाई जिथं कधी गेली नाही अशा जागी मला ने. स्टॉकहोमच्या ऐन मध्यातलं, पाण्याकाठचं एक महागडं हॉटेल मीच निवडलं आणि तुर्केलला जाहिरात दाखवून विचारलं, "इथं राहिला होतात का तुम्ही दोघं?" तो ताटली पुसत होता. ती पुन्हा एकदा पुसली आणि म्हणाला, "नाही गं."

पहिल्या रात्री मी राणीसारखी झोपले. सकाळी न्याहारीला मुरवलेली हेरिंग मासळी ताटात वाढून घेतली, खिडकीजवळचं टेबल पकडलं. तेवढ्यात पांढऱ्या केसांची वाढपीण कॉफी घेऊन आली. तुर्केल ताडकन उठला, हात पुढे केला आणि म्हणाला, "मागच्या वेळेबद्दल आभार."

ज्याचा पाहुणचार घेतला तो पुन्हा भेटला, की आमच्याकडे सगळे आधी हेच म्हणतात. न म्हणणारा उद्धट. लहानपणापासून जिभेला इतकं वळण लागलेलं असतं, की थापा मारणाराही त्यातून सुटत नाही.

"अहो, त्यात काय," ती बाई म्हणाली. "वर खोलीत सूपच तर आणून देत होते." मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि ती घाईनं कॉफी ओतून पुढच्या टेबलाकडे वळली. मी ताटली बाजूला सारली.

तिथं मी तमाशा केला नाही. आम्ही फिरायला निघालो. जुन्या शहरात तुर्केल नकाशा न बघता चालत होता. कुठल्या बोळातून चर्च गाठायचं, कुठल्या धक्क्यावरून बोट सुटते, सगळं पाठ. प्रत्येक वळणावर मायलीस मला त्याच्या दंडाला धरून चाललेली दिसत होती. पुलावर मी थांबले.

"कितीदा फिरवलंस तिला इथं?"

"एकदाही नाही."

"तुर्केल, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

तो कठड्याला टेकला. "आलो होतो आम्ही. आजारी होती ती, म्हटलं शेवटचं कुठंतरी जाऊ. पण आल्या दिवशीच अंथरुणाला खिळली. म्हणायची, तू जा, बघून ये आणि मला सांग. मग मी एकटाच जायचो. राजवाडा, पाण्यातून वर काढलेलं ते जुनं जहाज, सगळं सांगायचो तिला येऊन. तुला नाही म्हणालो, कारण जाहिरात दाखवताना तुझा चेहरा इतका फुलला होता. मोडवेना."

एखादीला दया आली असती. मला आणखीच हेवा वाटला. माझ्यासाठी कोणी कधी इतकं चाललं होतं? पाय दुखतात म्हणून मी तडक खोलीवर आले आणि बुटांसकट पलंगावर आडवी झाले.

"जहाज राहिलं की बघायचं," तो दारातून म्हणाला.

"तू जा. बघून ये आणि मला सांग."

मुद्दामच म्हणाले. त्याला बोचावं म्हणून, आणि माझ्यासाठीही त्यानं तसंच चालावं म्हणून.

तो कोट न काढता गालिच्यावरच बसला. "गुनवोर, शिव्या दे. ताटली फेकून मार. पण हे नको म्हणूस."

मी उठले, त्याला उभं केलं, त्याचा गळपट्टा नीट केला आणि आम्ही ट्रामनं गेलो.

अंधाऱ्या दालनात ते जहाज एवढं मोठं निघालं, की मान मागे टाकूनही डोलकाठीचं टोक दिसेना. तुर्केल आ वासून बघत होता.

"तू तर पाहिलंयस हे," मी म्हणाले.

"दारापर्यंतच यायचो गं. आत पाऊल टाकलं की वाटायचं, ती तिकडे खोलीत एकटीच प्राण सोडेल. माहितीपत्रक घ्यायचो, पळत परत जायचो आणि त्यातलं वाचलेलं तिला सांगायचो."

म्हणजे इथं आत तो पहिल्यांदाच आला होता, आणि तोही माझ्याबरोबर. मला आनंद झाला. लाज वाटावी इतका.